मित्राचे गाव अँटवर्प

पुणे–सोलापूर महामार्गावर हडपसर मागे टाकून काही किलोमीटर गेले की लोणी काळभोर येते. स्थानकाच्या परिसरातील तेल कंपन्यांच्या टाक्या, राज कपूर यांचा एके काळचा राजबाग व त्या जागी आता उभे असलेले एमआयटीचे विद्यापीठ, आणि दरवर्षी एका रात्रीसाठी विसावणारी संत तुकाराम महाराजांची पालखी, एवढ्या खुणांनी हे गाव ओळखले जाते. येथील व्यापारी घरांचे वर्षही अशाच खुणांनी बांधलेले असते. दिवाळीला वहीपूजन, मग लग्नसराई, जूनमध्ये विद्यार्थ्यांच्या खाणावळींचा माल आणि त्यामागोमाग पालखी. ज्येष्ठ वद्यात पालखी यवतकडे निघून गेली की आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसेपर्यंत पंधरा-सोळा दिवसांची सवड उरते. किराणा-भुसाराच्या दुकानदाराला वर्षातून मिळणारी खरी सवड एवढीच.

लोणी स्टेशन परिसरातील अशाच एका जैन किराणा व्यापाऱ्याने, त्याच्या पत्नीने आणि अडुसष्ट वर्षांच्या मातोश्रींनी अलीकडे ही सवड बेल्जियममधील अँटवर्प शहरात घालवली. धाकटा भाऊ गल्ल्यावर बसला आणि तिघे आठ दिवसांसाठी निघाले. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहली आता व्यापारी घरांत नवलाच्या राहिलेल्या नाहीत. त्यातले निम्मे दिवस बसच्या खिडकीत आणि उरलेले सामानाच्या पेट्या मोजण्यात जातात, हेही सर्वांना ठाऊक आहे. या कुटुंबाने एकच शहर निवडले, कारण तेथे एक घर होते. व्यापाऱ्याचा वसतिगृहातील सोबती गेली वीसहून अधिक वर्षे अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यवसायात आहे. दोघांनी पुण्याच्या वसतिगृहात तीन वर्षे एका खोलीत काढली. एक वडिलांच्या दुकानी परतला, दुसरा काकांच्या पेढीवर परदेशी गेला. मूळचा पालनपूरकडचा हा गुजराती तरुण पुण्यात शिकलेले मराठी आजही विसरलेला नाही.

मित्राच्या घरी उतरल्याने मुक्काम स्वस्त पडतो, हा हिशेब कोणालाही सुचतो. या प्रवासात खरी अडचण निघाली ती त्याच हिशेबात.

बेल्जियममध्ये नातलगाला किंवा स्नेह्याला बोलावण्यासाठी यजमानाने हमीपत्र भरून देण्याची पद्धत आहे. यजमानाने आपल्या मिळकतीचे पुरावे जोडायचे, पालिकेच्या कार्यालयात जाऊन सही प्रमाणित करून घ्यायची आणि पाहुण्याच्या राहण्याचा, औषधोपचाराचा व वेळ पडल्यास त्याला मायदेशी परत पाठवण्याचा खर्च आपल्यावर घ्यायचा. ही जबाबदारी दोन वर्षे राहते. पाहुण्याने खर्च बुडवला तर सरकार यजमानाकडे वसुलीला येऊ शकते. भाषा डच असो वा फ्रेंच, व्यापारी माणसाला हा कागद एका शब्दात कळतो: जामीन.

आणि या घरात तो शब्द जपून उच्चारला जातो. व्यापाऱ्याच्या वडिलांनी अनेक वर्षांपूर्वी एका आप्ताच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. आप्ताने हात वर केले, हप्ते यांच्या दुकानातून गेले आणि दुकानामागचा प्लॉट विकावा लागला. वडिलांनी त्या आप्ताशी संबंध तोडले नाहीत, वसुलीसाठी तगादाही लावला नाही. मात्र मुलांना एवढेच सांगून ठेवले की सही मागू नये आणि मागितली तर देण्यापूर्वी घरच्या बायकांना विचारावे. त्यामुळे अँटवर्पहून मित्राचा फोन आला आणि त्याने उत्साहाने, "पालिकेत जाऊन उद्याच सही करतो," असे सांगितले, तेव्हा लोणीतून उत्तर गेले, "सही नको. तुझ्या घरी येतोय, तुझ्या खात्यावर नाही."

मित्राला ते लागले. जामीन नाकारणे म्हणजे परके समजणे, असा त्याचा अर्थ झाला. चार दिवस फोन बंद राहिला. पाचव्या दिवशी मातोश्रींनीच फोन लावला आणि गुजराती-मराठीच्या मिश्रणात त्याला समजावले की, बाळा, आम्ही घरी येणार, तुझ्या हातचे जेवणार, पांघरूण तुझे घेणार. कर्ज तेवढे आमचे आम्हाला राहू दे. त्यावर त्याला हसू आले आणि विषय मिटला. पूर्ण मिटला असे म्हणता येणार नाही, हे पुढे दिसेल.

हमीपत्र नसेल तर पाहुण्याने स्वतःची ऐपत दाखवायची. बेल्जियमचा मापदंड असा की, कोणाच्या घरी राहणाऱ्यास माणशी दिवसाला ४५ युरो आणि हॉटेलात राहणाऱ्यास ९५ युरो. तिघांच्या आठ दिवसांसाठी घरी राहिल्यास १०८० युरो, हॉटेलात २२८० युरो. मित्राच्या घरामुळे केवळ कागदावरच १२०० युरोंची ऐपत कमी दाखवावी लागते. शिवाय यजमानाचे साधे निमंत्रण व राहण्याची सोय सांगणारे पत्र लागतेच. येथे एक व्यवहारातली गोष्ट व्यापारी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे धंद्याचे सीसी खाते बहुधा उणे शिलकीत चालते. लाखोंची उलाढाल असलेला माणूस त्या उताऱ्यावर कर्जबाजारी दिसतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात बचत खात्यात मोठी रक्कम भरली तर तीही संशयास्पद ठरते. या कुटुंबाने सहा महिने आधीपासून बचत खात्यात शिलक राखली, सोबत प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि जीएसटी नोंदणी जोडली. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढास ९० युरो आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क निराळे. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचे आहे आणि मातोश्रींच्या वयामुळे त्यांचा हप्ता सर्वांत जड निघाला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमानभाडे ही खर्चातली सर्वांत मोठी बाब. ती जूनअखेरच्या गर्दीत कमी होत नाही, लवकर तिकीट काढल्यानेच होते.

मातोश्रींचा वेगळाच प्रश्न होता. त्यांनी काही वर्षांपूर्वी दिशांची मर्यादा घेतली होती. घरच्यांना वाटले, आता बेत फिसकटला. पण व्रत घेतानाच त्यांनी परदेशाच्या एका प्रवासाची सूट ठेवली होती, हे त्यांनी शांतपणे सांगितले. कोणत्या देशाची, ते तेव्हा ठरलेले नव्हते.

सामान बांधताना यादी उलटी झाली. मित्राला हवे होते ते लोणीचे तूप आणि पेढे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस व दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे. तूप, खवा, पनीर सारे त्यात येते. कढीपत्त्याची ताजी डहाळीसुद्धा वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. फळांपैकी केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट. तेव्हा तुपाचा डबा घरी राहिला आणि पेटीत गेले ते तेलावरचे खाखरे, मूगवड्या, पापड, सुकवलेली कैरी, शेवया आणि मेतकूट. मेतकुटाची फर्माईश मित्राची होती. वसतिगृहात तो भातावर दुसरे काही घेत नसे.

मुंबईहून मध्ये एक विमान बदलून ते ब्रसेल्सला उतरले. विमानतळाच्या पोटातूनच अँटवर्पची थेट गाडी मिळते आणि पाऊण तासाच्या आत पोचवते. अंतर्गत गाड्यांना आसन राखून ठेवावे लागत नाही, त्यामुळे विमान उशिरा आले तरी तिकीट फुकट जात नाही. अँटवर्पचे मध्यवर्ती स्थानक १९०५ साली पूर्ण झाले. दगडी घुमट, संगमरवरी जिने, सोनेरी घड्याळ. रेल्वे स्थानकापेक्षा राजवाड्याचा दरबार वाटावा अशी ही इमारत आहे. २००७ मध्ये जमिनीखालून बोगदा झाल्यापासून रूळ तीन मजल्यांवर आहेत. जिन्यावर उभ्या राहिलेल्या सूनबाई घुमट पाहत होत्या आणि सासूबाई विचारत होत्या की एवढ्या उंचावरचे जाळे कोण झाडत असेल. मित्र गर्दीतून धावत आला. त्याने काकूंच्या पायांना हात लावला आणि व्यापाऱ्याकडे न पाहता पेटी उचलली. चार दिवसांच्या अबोल्याचे व्याज अजून शिल्लक होते.

मित्राचे घर तिसऱ्या मजल्यावरचे, तीन खोल्यांचे. त्यात तो, त्याची पत्नी, शाळकरी मुलगा आणि पंचाहत्तरीची आई राहतात. आणखी तीन माणसे आली की परदेशातले घर किती लहान असते ते कळते. मुलगा आजीच्या खोलीत गेला, त्याची खोली पाहुण्यांना मिळाली. न्हाणीघर एकच. स्वस्त सहलीची किंमत अशी कोणीतरी भरतच असते आणि ती बहुधा यजमानाची मुले भरतात. लोणीच्या सूनबाईंनी हे पहिल्याच रात्री ओळखले आणि दुसऱ्या दिवसापासून तिघे सकाळी साडेआठला, घरातली शाळा-कचेरीची धांदल सुरू होण्याआधी, आवरून तयार राहू लागले.

स्वयंपाकघरात मात्र दोन्ही घरे एक झाली. जूनअखेरीस तेथे सूर्य साडेपाचला उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असणाऱ्याला इतकी सैल मर्यादा भारतात कधीच मिळत नाही. डिसेंबरात तीच मर्यादा साडेचार-पावणेपाचवर येते. कचेरीतून परतेपर्यंत वेळ टळून जातो. यजमानांची आई हिवाळ्यात दुपारीच दोन वेळचे जेवून घेते, हे ऐकून मातोश्रींनी आपल्या सैल वेळेचा फायदा घेतला नाही. सातला जेवण आटोपले. पाणी उकळून थंड करायला एक पातेले रोज रात्री वेगळे ठेवले जाई.

बाहेर खाण्याचे नियम या कुटुंबाला पहिल्या दोन दिवसांत समजले. बेल्जियमची ओळख म्हणजे बटाट्याचे तळलेले काप. कंदमूळ न खाणाऱ्यांचा त्यांच्याशी संबंध नाहीच, पण बटाटा खाणाऱ्या जैनांनीही हे जाणून घ्यावे की परंपरेने ते गाईच्या चरबीत तळतात. काही दुकाने वनस्पती तेल वापरतात. विचारल्याशिवाय कळत नाही. वॉफलच्या पिठात अंडे असते. चीज जमवताना वासराच्या पोटातील विकर वापरण्याची जुनी रीत आजही चालते. पाकिटावरील मजकुरात अंडे आणि दूध ही नावे ठळक छापणे युरोपात कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे भाषा न येताही डोळ्यांना सवय होते. जिलेटिन मात्र ठळक नसते. ते शोधून वाचावे लागते. चॉकलेटच्या दुकानात मद्य भरलेल्या वड्याही त्याच ताटात मांडलेल्या असतात. या सर्वांतून वाट काढण्याचा सोपा उपाय म्हणजे डबा. रोज खाखरे, मेतकूट आणि केळी घेऊन निघायचे आणि नदीकाठच्या बाकावर खायचे. त्याने धर्मही राहिला आणि पैसाही.

एका भाजीने मात्र घरात छान वाद रंगवला. वितलोफ नावाची पांढरी, कळीसारखी मिटलेली पालेभाजी बेल्जियमची खासियत आहे. चिकोरीची मुळे शेतातून काढून अंधारात पुन्हा लावतात. प्रकाश न लागल्याने वर येणारा कोंब पांढरा राहतो आणि तोच खातात. यजमानांच्या पत्नीचे म्हणणे, हा पाला आहे, वर येतो, चालतो. मातोश्रींचे म्हणणे, ज्याच्यासाठी मूळ उपटून अंधारात डांबावे लागते त्याला पाला म्हणणे हा शब्दांचा खेळ. दोन्ही आयांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. एकीने खाल्ले, दुसरीने दुधीची वाट पाहिली. दुधी भारतीय दुकानात मिळाला, आणि त्याचा भाव ऐकून व्यापाऱ्याने मार्केट यार्डाची आठवण काढली.

स्थानकाच्या बाजूलाच हिऱ्यांचा बाजार आहे. पेलिकानस्ट्राटवर दागिन्यांची दुकाने, आणि आतल्या होव्हेनियर्सस्ट्राट व आसपासच्या दोन-तीन गल्ल्यांत खरा घाऊक व्यापार. गल्लीच्या तोंडाशी वाहने अडवणारे खांब, कॅमेरे, पहारा. आत गेल्यावर साध्या कचेऱ्यांच्या इमारती. कोणी नवखा या गल्लीतून जाईल आणि येथे काय चालते हे त्याला कळणारही नाही. काळा कोट व टोपी घातलेले ज्यू व्यापारी आणि शर्ट-पँटमधील गुजराती एकमेकांना थांबवून बोलतात. १९६०च्या दशकापासून पालनपूर परिसरातील जैन घराणी येथे येऊ लागली. इतरांना परवडत नसत असे लहान खडे सुरतेला पाठवून तेथे पैलू पाडून घ्यायचे, या मार्गाने त्यांनी जागा केली, आणि आज येथील व्यवहाराचा मोठा भाग भारतीयांच्या हाती आहे.

मित्राने व्यापाऱ्याला एका सौद्याची रीत समजावली. कागदाच्या घडीच्या पुडीतील खडे उत्तरेच्या उजेडात पाहायचे, भाव बोलायचा, तुटला तर पुडी परत करायची, जुळला तर हात मिळवून 'माझल उब्राखा' म्हणायचे. हिब्रू भाषेतील हे शब्द नशीब आणि आशीर्वाद मागणारे आहेत. ते ज्यू म्हणतो, पालनपुरी म्हणतो, आर्मेनियन म्हणतो. ते उच्चारल्यावर सौदा फिरवता येत नाही. फिरवणाऱ्याला त्या गल्लीत पुन्हा कोणी पुडी दाखवत नाही. लोणीच्या व्यापाऱ्याने लगेच विचारले, "मग कागद?" मित्र म्हणाला, "कागद नंतर होतो. आणि तू माझ्याकडून कागदसुद्धा घेतला नाहीस." एवढे बोलून तो हसला, पण बोलायचे ते बोलून घेतले. व्यापाऱ्याने त्या गल्लीतच थांबून वडिलांच्या प्लॉटची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. वसतिगृहाच्या तीन वर्षांत ती सांगितली गेली नव्हती.

बदल्यात मित्रानेही आपली वही उघडली. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडले आहेत. १ जानेवारी २०२४ पासून युरोपीय संघाने रशियन हिऱ्यांची आयात बंद केली, तेव्हापासून मालाचा एक मोठा ओघ दुसरीकडे वळला. दुबईत करांची सवलत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेतही भव्य हिरे बाजाराचे उद्घाटन झाले. गल्लीतल्या पाट्या कमी होत आहेत. त्याच्या काकांची मुले दुबईला गेली आहेत आणि तोही जाण्याच्या विचारात आहे. "या वर्षीच या, असा आग्रह का धरला होता ते आता कळले ना?" असे तो म्हणाला. आईला मात्र जायचे नाही.

आई जायला तयार नसण्याचे कारण रविवारी सकाळी दिसले. शहराच्या दक्षिणेस विल्रेक या उपनगरात जैन समाजाने शुभ्र संगमरवराचे मंदिर उभारले आहे. त्याचे कोरीव काम भारतात झाले, दगड समुद्रमार्गे आले आणि २०१० मध्ये मंदिर उघडले. शांत, झाडांच्या रस्त्यावर, विटांच्या बेल्जियन घरांच्या रांगेत शिखर अचानक समोर येते. लोणीचे कुटुंब स्थानकवासी आहे. घरी मूर्तिपूजा नाही. मातोश्रींनी बाहेरूनच हात जोडायचे ठरवले होते. यजमानांच्या आईने त्यांचा हात धरून आत नेले आणि सभागृहाच्या एका कोपऱ्यात आसन टाकून दोघींनी शेजारी बसून सामायिक केले. अठ्ठेचाळीस मिनिटे कोणी कोणाला पंथ विचारला नाही. बाहेर आल्यावर यजमानांच्या आईने एकेका घराकडे बोट दाखवून सांगितले: हे दुबईला गेले, ते मुंबईला परतले, हे अजून आहेत. मंदिराला येणारी माणसे कमी झाली तरी दिवा लावणारे कोणी हवे, एवढ्यासाठी ती राहते.

मंदिराच्याच दिशेला मिडलहाइम नावाचे उद्यान आहे. १९५० पासून तेथे झाडांमध्ये शिल्पे मांडलेली आहेत आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. अँटवर्पचे वैशिष्ट्यच हे की पाहण्यासारख्या बऱ्याच गोष्टी विनामूल्य आहेत. बंदराजवळचे, नदीवरचे संग्रहालय अशा अर्थाच्या नावाचे 'मास' २०११ मध्ये उघडले. त्याच्या गच्चीवर जायला तिकीट नाही आणि तेथून गोदी, शेल्ड नदी व कॅथेड्रलचा १२३ मीटरचा मनोरा एका नजरेत येतो. नदीखालून पायी जाणारा सेंट अॅना बोगदा १९३३ चा. ५७२ मीटर लांब, पांढऱ्या फरशांचा, आणि खाली उतरायला लाकडी सरकते जिने, जे आजही चालतात. मातोश्री सरकत्या जिन्याला एरवी घाबरतात. लाकडाचा पाहून धीटपणे चढल्या. बैलगाडीसारखा आवाज करतो, म्हणाल्या.

व्यापाऱ्याला या शहरात सर्वांत जवळचे वाटले ते बाजाराचे जुने घर. १५३१ मध्ये अँटवर्पने सर्व देशांच्या आणि सर्व भाषांच्या व्यापाऱ्यांसाठी खास बांधलेला विनिमयबाजार उघडला. त्याच धर्तीवर पुढे लंडनचा रॉयल एक्स्चेंज बांधला गेला. मूळ वास्तू १८५८ च्या आगीत गेली, आजची १८७२ ची आहे, आणि दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये ती पुन्हा खुली झाली. समारंभ नसेल तेव्हा आतून फिरता येते. या बाजाराला रंग आला तो भारतीय मिऱ्यांनी. पोर्तुगीजांनी मलबारचे मिरे लिस्बनला नेले आणि १५०१ पासून ते अँटवर्पला विक्रीस येऊ लागले. येथे जर्मनीची चांदी व तांबे देऊन ते घेतले जाई, आणि तीच धातू पुन्हा भारताकडे मिरे आणायला निघे. दुकानात मिरे तोलणाऱ्या माणसाला पाचशे वर्षांपूर्वीचा हा फेरा ऐकून उभ्या उभ्या काही वेळ लागला.

तिकीट काढून पाहिलेली जागा एकच, प्लांतँ-मोरेतुस मुद्रणगृह. ख्रिस्तोफ प्लांतँ याने १५५५ मध्ये छपाई सुरू केली आणि त्याच्या वंशजांनी तीनशे वर्षे ती चालवली. जगातील सर्वांत जुने छापखान्याचे दाबयंत्र पाहायला लोक येतात. पण तेथे आहे त्याहून दुर्मीळ वस्तू, त्या पेढीच्या हिशेबाच्या वह्या. युनेस्कोने २००१ मध्ये त्या जगाच्या स्मृतीत नोंदवल्या आणि २००५ मध्ये वास्तूलाही जागतिक वारसा ठरवले. कागद किती आणला, मजुरी कोणाला किती दिली, उधारी कोणाची राहिली, सारे लिहिलेले. सूनबाई म्हणाल्या की आपल्या दुकानातील वीस वर्षांपूर्वीच्या वह्या गेल्या दिवाळीला रद्दीत दिल्या.

वहीची दुसरीही गोष्ट या शहरात आहे, आणि ती कमी सांगितली जाते. नगरभवनासमोर ब्राबोचे कारंजे आहे. दंतकथा अशी की, नदीवर जकात न देणाऱ्या नावाड्यांचे हात तोडणाऱ्या राक्षसाचा हात ब्राबोने तोडून पाण्यात फेकला. लोक शहराचे नावही त्यावरून लावतात. दुकानांत हाताच्या आकाराची बिस्किटे मिळतात. पण ज्या काळात हे कारंजे उभे राहिले, १८८७ साली, त्याच काळात बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड काँगो ही स्वतःची खासगी जहागीर म्हणून चालवत होता आणि तेथे रबर पुरेसे न आणणाऱ्यांचे हात खरोखर तोडले जात. ते रबर व हस्तिदंत अँटवर्पच्याच धक्क्यावर उतरे. एडमंड मोरेल नावाचा जहाज कंपनीतला कारकून कामानिमित्त येथे येई. त्याने भरणा आणि उतरणीचे आकडे ताडून पाहिले: काँगोहून येते ते लाखमोलाचे, आणि तिकडे जाते ते बहुतांशी बंदुका व काडतुसे. मालाच्या बदल्यात काही जातच नसेल तर तिकडे मजुरी दिली जात नाही, एवढा साधा निष्कर्ष त्याने काढला. नोकरी सोडून त्याने ही गोष्ट जगापुढे मांडली, आणि १९०८ मध्ये राजाकडून काँगो काढून घेण्यात आला. मित्राने ही हकिकत धक्क्यावर उभे राहून सांगितली. मातोश्रींनी नंतर ती बिस्किटे घ्यायला नकार दिला, अंड्याचा प्रश्न निघण्यापूर्वीच.

शेवटच्या दोन दिवसांत पाहणे संपले आणि राहणे सुरू झाले. सूनबाईंनी यजमानांच्या पत्नीला सुट्टी देऊन मूगवड्यांची भाजी, ज्वारीची भाकरी आणि कैरीचे लोणचे केले. मातोश्रींनी कपाट आवरले. व्यापारी मुलाला घेऊन सायकलच्या दुकानात गेला आणि त्याच्या खोलीचे भाडे म्हणून एक नवी घंटा घेऊन दिली. मुलाने भाडे कमी असल्याचे सांगितले. रोजचा भाजीपाला आणि दूध कोणाच्या खर्चाने, यावर दोघा मित्रांची नेहमीची ओढाताण झाली. अखेर वसतिगृहातली जुनी रीत काढली: फ्रिजवर कागद लावायचा, ज्याने जे आणले ते लिहायचे, शेवटी बेरीज करून अर्धे अर्धे. बेरीज झाली. सात युरो आणि काही सेंट मित्राकडे निघत होते. ते त्याने दिले आणि लोणीच्या व्यापाऱ्याने ते मोजून घेतले. पाहणाऱ्या दोन्ही बायकांना हे विचित्र वाटले असेल. त्या दोघांना मुळीच वाटले नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी यजमानांच्या आईने विचारले की दिवाळीनंतर लोणीला आले तर थंडी कितपत असते. मुलगा दुबईला गेला तर मधले काही महिने कोठे राहायचे, हा प्रश्न तिच्या मनात असावा. तिने तो उच्चारला नाही. मातोश्रींनी उत्तर दिले की दुपारी ऊन, रात्री एक रजई, आणि दुकानामागची खोली पूर्वेची आहे. मग लगेच कागदपत्रांची चौकशी सुरू झाली. सून म्हणाली, बेल्जियमचा पासपोर्ट आहे, व्हिसा काढावा लागेल. मित्राने कपाटातून निळे कार्ड काढून दाखवले. आईकडे ओसीआय आहे. तिला लोणीला यायला व्हिसा लागत नाही, शिलकेचा उतारा लागत नाही, आणि कोणाची सहीही लागत नाही.